घरची भाषा

भाषांतर हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. इंग्रजीतून किंवा हिंदीतून आलेला मजकूर मराठीत उतरवावयाचा, दुसऱ्यांनी उतरविलेला तपासावयाचा आणि ठरल्या तारखेस अंक छापखान्याकडे रवाना करावयाचा, हा क्रम गेली बारा वर्षे चालू आहे. दहा वर्षांपूर्वी माझ्या मेजावर असाच एक चार पानांचा लेख आला. विषय होता ‘ऑटिझम’. ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द रूढ होत होताच. तो मी स्वीकारला. ‘अशा मुलांना इतरांशी बोलण्याची इच्छाच नसते’ अशा अर्थाचे एक वाक्य त्या लेखात होते. तेही मी निःशंकपणे मराठीत आणले. व्याकरणाच्या दृष्टीने ते वाक्य निर्दोष होते. त्यातला आशयच खोटा होता, हे शिकविणारा गुरू अद्याप आमच्या घरी जन्मास यावयाचा होता.

आमच्या चिरंजीवांस आम्ही घरात ‘बाळ’ म्हणतो. आज तो नऊ वर्षांचा आहे. दिल्लीच्या एका सरकारी वसाहतीत आम्ही राहतो. यजमानांची नोकरी इथली, माझी इथली, आणि सासूबाई वाईहून आमच्याकडे राहावयास आलेल्या. बाळ दोन वर्षांचा झाला तरी हाक मारली असता वळून पाहात नसे. एखादी वस्तू हवी असली तर बोट दाखवीत नसे. आमचा हात धरून त्या वस्तूकडे ओढीत नेई. बाटल्यांची झाकणे ओळीने मांडण्यात त्याचा तासन्‌तास वेळ जाई. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हातांनी कान झाकून तो पलंगाखाली शिरे. ‘मुलगे उशिराच बोलतात’ असा धीर शेजारच्या पंजाबी बाईंनी दिला, वाईहून येणाऱ्या पत्रांनी दिला, आणि खरे सांगावयाचे तर मीही तो स्वतःस देत राहिले. त्या धीरापायी आमचे एक वर्ष गेले. ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांना माझे पहिले सांगणे हेच, की असा धीर जरूर ऐकावा, पण मूल डॉक्टरांस दाखविणे त्यासाठी लांबणीवर टाकू नये.

बाळ तीन वर्षांचा असताना निदान झाले. निदानापाठोपाठ एका तज्ज्ञांनी सल्ला दिला : “घरात मराठी, बाहेर हिंदी आणि पुढे शाळेत इंग्रजी, या गर्दीत मुलाचा गोंधळ होतो. आजपासून घरात एकच भाषा ठेवा. हिंदी ठेवा.”

भाषेवर जिचा चरितार्थ चालतो तिच्या मनात अशा वेळी काय आले असेल, याची कल्पना वाचकांस येईल. तरीही आम्ही तो सल्ला शिरोधार्य मानला. मुलासाठी आईबाप देश सोडतात, आम्हांस केवळ भाषा सोडावयाची होती. यजमान आणि मी एकमेकांशी देखील बाळाच्या समोर हिंदीत बोलू लागलो. प्रश्न होता तो सासूबाईंचा. त्यांचे हिंदी म्हणजे भाजीवाल्याशी दोन शब्द बोलण्यापुरते. पहिले काही दिवस त्यांनी प्रयत्न केला. “बाळ, इधर ये, खाना खा ले,” असे म्हणताना त्या स्वतःच ओशाळत. मग त्या बाळाशी बोलेनाशाच झाल्या. त्याला मांडीवर घेत, भरवीत, थोपटीत. परंतु सारे मुक्याने. पूर्वी त्यांच्या मांडीवर बडबडगीते चालत, निजताना ओव्या चालत. आता घर कसे शांत झाले. बोलावयास शिकविण्यासाठी म्हणून आम्ही मुलापाशी सर्वांत अधिक बोलणारे माणूसच मुके करून ठेवले होते, हे मला दिसत होते; पण तज्ज्ञांचा शब्द मोडण्याचे धैर्य होत नव्हते.

असे आठ महिने गेले. एके दिवशी सायंकाळी मी कचेरीतून आले, तो सासूबाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटीत होत्या. बाळ त्यांच्या पदराशी जाऊन उभा राहिला आणि स्पष्ट शब्दांत म्हणाला, “भूक लागली ना रे माझ्या सोन्याला?”

शब्द सासूबाईंचे होते. हेलही त्यांचाच होता. ‘ना रे’वरचा तो वाईकडचा लडिवाळ झोकदेखील जशाच्या तसा. आठ महिन्यांत ज्या भाषेचा एक शब्द त्याच्या कानी मुद्दाम घातला गेला नव्हता, त्या भाषेतले एक अखंड वाक्य त्याने जपून ठेवले होते आणि भूक लागताच नेमके तेच काढून दिले होते. सासूबाईंच्या हातातले लाटणे तसेच राहिले. “अरे, लागली ना रे भूक माझ्या राजाला,” असे म्हणत त्यांनी त्याला जवळ घेतले, आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, “सूनबाई, आता मला कोणी गप्प बसवायचं नाही.”

त्या रात्री मला जे उमगले ते भाषांतरकाराचे उमगणे होते. बाळाचे ते वाक्य म्हणजे निरर्थक पोपटपंची नव्हती. भूक लागली की आजी अमुक शब्द उच्चारते आणि मग जेवण मिळते, एवढा संबंध त्याने जुळविला होता. वाक्याचे तुकडे पाडून, ‘सोन्याला’च्या जागी ‘मला’ घालून ते स्वतःचे करावे, ही कारागिरी मात्र त्याला साधली नव्हती. त्याने मूळ संहिताच आमच्यापुढे ठेवली होती. अनुवाद आम्ही करावयाचा होता : ‘मला भूक लागली आहे.’

पुढे वाचनात आले की हे लक्षण फार पूर्वीपासून नोंदलेले आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करणारा जो निबंध लिहिला, त्यातच ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारणे आणि स्वतःस ‘तू’ म्हणणे यांची नोंद आहे. तरीही ही उक्ती निरुपयोगी सवय समजून मोडून काढावी, असा समज कित्येक वर्षे प्रचलित होता. १९८० नंतरच्या काळात बॅरी प्रायझंट आदी भाषातज्ज्ञांनी मुलांचे बोलणे बारकाईने तपासून दाखविले, की अशा पुनरुक्तीतून मूल मागते, होकार देते, संवादातली आपली पाळी सांभाळते, कधी स्वतःस धीरही देते.

मग आम्ही काय केले? बाळ “तुला पाणी हवंय?” असे म्हणाला की आम्ही त्याला “तुला नाही, मला म्हण” असे दटावणे सोडून दिले. त्याऐवजी पेला हाती देताना त्याच्याच वतीने आम्ही म्हणू लागलो, “मला पाणी हवंय.” जे वाक्य त्याने पुढे वापरावे असे वाटते, तेच त्याच्या तोंडी शोभेल अशा रूपात त्याच्या कानी घालावयाचे. इथे मराठीने एक मौज केली. “मला हवं” हे मुलाला आणि मुलीला सारखेच; परंतु क्रियापद आले की लिंग आडवे येते. मी दाराशी “मी येते” म्हणून निघे, तर बाळही शाळेत जाताना “मी येते” म्हणे. तेव्हापासून त्याच्या वतीने बोलताना मी “मी येतो, मी खातो” असे पुल्लिंगी बोलू लागले. कचेरीतल्या मैत्रिणी हसत. मीही हसे, पण नेम सोडला नाही.

भाषा बदलण्याच्या त्या सल्ल्याविषयीही मी शोध घेतला. २०१२ साली कॅनडातील संशोधकांनी एकभाषी व द्विभाषी घरांतील स्वमग्न मुलांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा दोन भाषा कानी पडल्यामुळे मुले अधिक मागे पडल्याचे त्यांना आढळले नाही. नंतरच्या अभ्यासांचा कौलही असाच आहे. ज्या भाषेत आईबाप मोकळेपणी रागावतात, लाड करतात, गोष्ट सांगतात, तीच भाषा मुलाशी बोलावी. महाराष्ट्राबाहेर इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी नांदणाऱ्या हजारो मराठी घरांस, आणि मराठी मुलखात येऊन राहिलेल्या परभाषिक घरांसही, ही गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते.

दुसरी गोष्ट दोषाची. निदानानंतर पहिला प्रश्न मी स्वतःस विचारला : माझे काय चुकले? नोकरी केली म्हणून का? हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. एक काळ असा होता की आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असे विद्वानही म्हणत. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने या मतास मोठी प्रसिद्धी मिळाली. त्यापूर्वीच, १९६४ साली, अशाच एका मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी हे मत निराधार असून कारण शरीरघटनेत शोधले पाहिजे, असे साधार मांडले होते. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे आज पुष्कळ संशोधनाने सिद्ध आहे. लसीमुळे ती होते असा संशय उत्पन्न करणारा १९९८ सालचा निबंध त्या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. आईच्या नोकरीचा, वडिलांच्या रागाचा किंवा लसीच्या सुईचा इथे दोष नाही. ही मेंदूची एक निराळी घडण आहे. ती ‘बरी’ करण्याचे औषध नाही, आणि तशी हमी देऊन पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे.

तथापि औषध नाही म्हणजे उपाय नाही असे मात्र नव्हे. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात ६५ मुले होती. साध्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी मूल आणि पालक खेळत असता चित्रफीत घ्यावयाची, आणि मग दोघांनी बसून ती पाहावयाची, अशी ती पद्धत. मुलाचे लक्ष कोठे होते, पालकाने ते ओळखले कोठे, निसटले कोठे, एवढेच पाहावयाचे. मुलाच्या मनाचा माग घेण्यास पालक शिकले, तशी मुलेही आपण होऊन अधिक संवाद साधू लागली. हे वाचल्यावर मी झाकणांच्या ओळीशेजारी जाऊन बसले. ओळ मोडली नाही, शिकविले काही नाही. एक झाकण पुढे केले. बाळाने ते घेतले, ओळीत लावले आणि दुसऱ्यासाठी हात पसरला. तो आमचा पहिला खेळ.

यांखेरीज छोट्या छोट्या गोष्टींनी घर सुसह्य झाले. कुकर लावण्यापूर्वी सासूबाई त्याला सांगतात, आणि तो आपणहून दुसऱ्या खोलीत जातो. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावला आहे; सुट्टी असली की आदल्या रात्रीच शाळेचे चित्र काढून ठेवावयाचे. ज्यांची मुले बोलत नाहीत त्यांनीही चित्रांचा, खुणांचा आधार घ्यावा. त्यामुळे पुढची वाचा अडत नाही. काही मुले कधीच मुखाने बोलत नाहीत. त्यांचेही म्हणणे असतेच, ते ऐकणारा हवा.

कायद्याचेही साहाय्य आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे; त्या न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात मान्य केलेल्या २१ प्रकारांत ती आहे. ज्यांचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक प्रमाणित झाले आहे, त्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांस जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्र घेण्यास आम्ही दोन वर्षे कचरलो. मुलावर शिक्का बसेल असे वाटे. आता वाटते, तो कागद आधीच घ्यावयास हवा होता.

बाळ अजूनही थोडेच बोलतो. रस्त्यात अचानक ढोल वाजला तर अजूनही भर गर्दीत खाली बसतो, आणि लोक माझ्याकडे पाहतात. त्याचे पुढे कसे होईल, आमच्या मागे कोण, हे प्रश्न रात्री येतात आणि उत्तराविना जातात. परंतु ‘इतरांशी बोलण्याची इच्छाच नसते’ हे वाक्य आज माझ्यापुढे आले तर मी ते छापखान्याकडे जाऊ देणार नाही. ‘स्वमग्नता’ हा शब्द मात्र अजून वापरते, दुसरा सापडत नाही म्हणून. ज्याने आजीचा सूर आठ महिने जपला तो स्वतःतच मग्न होता असे कसे म्हणावे?

गेल्या सोमवारी शाळेची गाडी आली. दप्तर पाठीला लावून बाळ दारापर्यंत गेला, थांबला आणि मागे न पाहताच म्हणाला, “मी येतो.”

सासूबाई आतून म्हणाल्या, “ये हो बाळा.”