जुन्या बाजारात बाक शोधताना

मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. जन्मभर चटईवर बसलेली ही बाई, आता खाली बसली की उठवायला दोघे लागतात. प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांचा भरवसा नाही. "ती पाय फाकवते," म्हणतात. सोफासेट आणावा, तर इंदोऱ्यातल्या आमच्या दहा बाय बाराच्या पुढच्या खोलीत सोफा मावेल, पण माणसे मावणार नाहीत. शेवटी ठरले, जुने, भक्कम लाकडी बाक पाहायचे. मे महिन्यातल्या एका रविवारी मी, आमचे हे आणि वस्तीतले सुतारमामा असे तिघे सकाळीच बाहेर पडलो.

मामांनी आधी लकडगंज दाखवले. नावाप्रमाणेच हा भाग लाकडाच्या व्यापाराचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले, आलापल्ली आणि बल्लारशाहचे सागवान देशभर नावाजलेले. दिल्लीत २०२३ साली उघडलेल्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून गेले. असा माल हाताशी असल्यामुळे नागपूरच्या जुन्या घरांत, शाळांत, कचेऱ्यांत सागवानी बाकांची कमी नव्हती. आता जुनी घरे पडून फ्लॅट उभे राहतात, तेव्हा हे सामान बाहेर निघते आणि जुन्या बाजारात येते. आपल्यासारख्यांना चांगले लाकूड परवडण्याची वाट तीच.

"आधी इथे नाक आणि हात तयार करा, मग बाजारात चला," मामा म्हणाले. सागाचा ताजा तुकडा त्यांनी नाकाशी धरला. वास चामड्यासारखा, हाताला किंचित तेलकट. रंग सोनेरी तपकिरी, रेषा लांब आणि सरळ. शिसम त्याहून काळपट आणि जड. आंब्याचे लाकूडही वाईट नाही, पण त्याला किडा लवकर लागतो. पॉलिश केल्यावर सगळेच सारखे दिसतात, म्हणून बाक नेहमी उलटे करून पाहावे. खालच्या बाजूला पॉलिश क्वचितच पोहोचते.

तिथून आम्ही गड्डीगोदामच्या बाजूला एका जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. दारातच एक उंच पाठीची, नक्षीदार खुर्ची मांडलेली. हातांवर सिंहाची तोंडे. "अँटिक आहे, शंभर वर्षांची," दुकानदार म्हणाले. आमचे हे लगेच तिच्यात बसले आणि हसून म्हणाले, "पाटील दिसतो की नाही?" मामांनी मात्र वाकून खुर्चीचे पाय पाहिले. खरी जुनी वस्तू जिथे हात-पाय लागतात तिथेच झिजते: हाताच्या टोकाला, बैठकीच्या पुढच्या कडेला, पाय टेकायच्या आडव्या पट्टीवर. ही खुर्ची सगळीकडे सारखीच काळवंडलेली होती, आणि आतले स्क्रू नवे कोरे. रंग लावून म्हातारी केलेली तरुण खुर्ची! वाचकहो, हेही ध्यानात ठेवा की १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात फर्निचरसारखी वस्तू किमान शंभर वर्षांची असल्याशिवाय पुरातन ठरत नाही. बाजारात 'अँटिक' म्हणून विकले जाणारे पुष्कळसे सामान नुसते जुने असते. जुने असणे वाईट नाही. पण शंभर वर्षांचे पैसे चाळीस वर्षांच्या वस्तूला का द्यावेत?

आत आणखी प्रकार होते. वाकवलेल्या लाकडाच्या हलक्या गोल खुर्च्या होत्या, इराणी हॉटेलात असतात तशा. हा नमुना १८५९ साली मायकेल थोनेट यांच्या कारखान्यात तयार झाला. बीच झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचे, सहा भाग आणि थोडे स्क्रू यांत खुर्ची तयार. सुटी करून पेटीत भरता येई, म्हणून ती जगभर गेली. घ्यायची झाल्यास बैठकीचा वेत बोटाने दाबून पाहावा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात वेत तडकतो. खालच्या बाजूने ओले फडके फिरवत राहिले तर टिकतो. लांब हातांची आरामखुर्चीही होती. साहेबाने पाय पसरून बसावे आणि दुसऱ्याने पंखा ओढावा, अशा काळातली ती. आमच्या खोलीत तिचे पाय थेट स्वयंपाकघरात गेले असते.

मागच्या कोपऱ्यात एक साधे, पाठीचे, पाच फुटी बाक होते. वर चटण्या-मसाल्यांच्या रिकाम्या बरण्या रचलेल्या. दुकानदाराने आमचे बोलणे ऐकले असावे. "एम्प्रेस मिलच्या कँटीनचे आहे," ते म्हणाले.

ते ऐकून आमच्या ह्यांचा चेहराच बदलला. माझे सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या या मिलवर आपल्या समाजातली किती घरे जगली, ते इंदोरा-बेझनबागेत कुणालाही विचारावे. २००२ मध्ये मिल कायमची बंद झाली. सासरे आज नाहीत. ह्यांनी लगेच खिशात हात घातला. मामांनी त्यांचा हात धरला. "कहाणीचे पैसे देऊ नका, जावई. लाकडाचे द्या. कहाणी खरी असली तर ती फुकटात घरी येईल."

मग मामांनी जी तपासणी केली, ती प्रत्येक भगिनीने करावी अशी आहे. बाक सपाट फरशीवर ठेवून समोरासमोरचे दोन कोपरे दाबले, डुगडुगले नाही. उलटे करून सांधे पाहिले: एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवून वरून लाकडी खुंटी मारलेली. खिळ्यांवर उभे असलेले बाक खिळा गंजला की बसते. टाचणीच्या टोकाएवढी चार भोके दिसली. मामांनी तिथे टिचक्या मारल्या. पिठासारखी भुकटी पडली असती, तर आत किडा जिवंत आहे असे समजून आम्ही परत फिरलो असतो. भुकटी पडली नाही. मामा म्हणाले, "बाक मे महिन्यातच घ्यावे. उन्हाने लाकूड आकसते आणि सांध्यांतल्या फटी उघड्या पडतात. जे मे महिन्यात हलत नाही, ते श्रावणात कशाला हलेल?"

शेवटी त्यांनी कुठे रेल्वेचा किंवा शाळेचा शिक्का आहे का ते पाहिले. तो असता तर लिलावाची पावती मागायला हवी होती. रेल्वेचा चोरीचा माल बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्का नव्हता. मिलचीही खूण नव्हती. साडेचार हजार सांगितले होते, एकतीसशेला सौदा झाला.

एक गोष्ट मात्र आम्ही विसरलो असतो, ती मामांनी आठवणीने केली. घरून सासूबाईंच्या गुडघ्याची उंची सुतळीने मापून आणली होती. बैठक साडेसतरा इंच भरली. म्हाताऱ्या माणसाला सतरा ते एकोणीस इंच बरे. त्याहून खाली असेल तर उठवत नाही, वर असेल तर पाय लोंबकळतात. दाराची रुंदीही मापून न्यावी, नाहीतर बाक अंगणातच राहते.

घरी आणल्यावर त्याचा हिरवा रंग काढायचा होता. जुन्या रंगात शिसे असू शकते. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा २०१७ पासून लागू झाली. म्हणून कोरडे घासू नये. पोरांना लांब ठेवून, तोंडाला फडके बांधून, पाण्याने ओले करून घासावे आणि निघालेला चिखल कागदात गुंडाळून टाकावा. नंतर जवसाचे तेल चोळले. तेलाचे बोळे मात्र कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून मगच फेकावेत.

संध्याकाळी बाक पुढच्या खोलीत लागले. सासूबाई बसल्या आणि एकट्याच्या बळावर उठल्या. पुन्हा बसल्या. मग म्हणाल्या, "आमच्या गावात पाटलाच्या ओसरीवर बाक होते. तुझा आजेसासरा अंगणात उभा राहून बोले. बस कुणी म्हटले नाही, आणि बसायची छाती नव्हती."

मला सातारच्या शाळेतले लहानगे बाबासाहेब आठवले. वर्गात बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा, कारण झाडणारा नोकरही त्याला शिवत नसे. बसण्याची जागा ही आपल्याकडे कधीच नुसती लाकडाची गोष्ट नव्हती. त्या नक्षीदार खुर्चीत एकजण बसला असता आणि बाकीचे उभे राहिले असते.

मी चहा घेऊन आले आणि सवयीने स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. लग्नाला बावीस वर्षे झाली, पुढच्या खोलीत पाहुणे असताना मी कधी बसले नाही. कुणी मनाई केली नव्हती. जागाच नव्हती, असे मी मानत होते. सासूबाईंनी शेजारी थाप मारली. "पाच फूट आहे. तिघी मावतात. बस."

मी बसले. बाकाची मागची पट्टी पाठीला जरा टोचते. मामा पुढच्या रविवारी रंधा घेऊन येणार आहेत.