तटाबाहेरचे पहाडगंज

नवी दिल्ली स्टेशनला दोन बाजू आहेत. 1 नंबरच्या फलाटाबाहेर पहाडगंज आणि 16 नंबरच्या बाहेर अजमेरी गेट. स्वस्त हॉटेले आणि मेन बाजारातली खरेदी यांसाठी बहुतेक प्रवासी पहाडगंजकडे वळतात. या दोन बाजूंमध्ये एके काळी दिल्लीचा तट होता.

अजमेरी गेट हा शहाजहानच्या शहराचा दरवाजा, तर पहाडगंज ही तटाबाहेरची धान्यपेठ. परचक्र आले की शहराचे दरवाजे बंद होत, पेठ मात्र उघड्यावर राही. मार्च 1739 मध्ये नादिरशहाची माणसे इथली कोठारे उघडायला आली. धान्याच्या भावावरून तंटा पेटला, नादिरशहा मेल्याची अफवा उठली आणि शेवट शहरातल्या हजारोंच्या कत्तलीत झाला. ऑक्टोबर 1804 मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने दिल्लीला वेढा घातला. इंग्रज अधिकारी ऑक्टरलोनी आणि बर्न यांनी अपुऱ्या शिबंदीनिशी तट राखला, तेव्हा थोड्याच दिवसांत वेढा उठवावा लागला. 1857 च्या उठावात पहाडगंजचा ठाणेदार होता मुईनुद्दीन हसन खान. त्याने लिहिलेली त्या दिवसांची हकिगत इंग्रजी भाषांतरात 1898 साली छापली गेली.

दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, पायथ्याशी बाजारही मांडतात. तोफा मात्र सगळ्या बुरुजावर! मुलांना घेऊन दिल्लीला गेलात, तर स्टेशनचा पूल ओलांडून अजमेरी गेट जरूर दाखवा. मग पुढच्या किल्ल्यात दोन मावळे बाजारातही उभे राहतील.