घसरण्याची कला

मराठीत ‘घसरणे’ या क्रियापदाचा लौकिक काही चांगला नाही. पाय घसरतो, जीभ घसरते, बाजारात भाव घसरतात आणि परीक्षेत मुलांचे गुण घसरतात. हौसेने, ठरवून कुणी घसरल्याचे वाक्य इतक्या वर्षांच्या अध्यापनात माझ्या कानी आले नव्हते. ते ऐकवले आमच्या नववीतल्या चिरंजीवांनी.

त्यांच्या मोबाइलवर मोटारींच्या शर्यतीचा एक साधा खेळ आहे. तांबडी मोटार आपल्या मर्जीने धावते. आपण अंगठ्यांनी डावीकडे किंवा उजवीकडे वळवायची. प्रत्येक वळणावर माझी मोटार कठड्याला धडके. “बाबा, वळताना घसरवायची असते!” चिरंजीव म्हणाले. याचेच नाव ‘ड्रिफ्ट’. मागची चाके पकड सोडतात, मोटारीची शेपटी बाहेर जाते आणि चालक स्टिअरिंग वळणाच्या उलट फिरवतो. जपानच्या घाटरस्त्यांवर ही विद्या वाढली. तिथल्या केइची त्सुचिया या शर्यतपटूला ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणतात. १९७४ साली अटारी कंपनीने ‘ग्रॅन ट्रॅक १०’ हा शर्यतीचा यंत्रखेळ काढला. त्याला खरे स्टिअरिंग होते, गिअर होता, पायाशी पेडलेही होती. माझ्या वाट्याला नुसते दोन अंगठे!

पण मर्म तेच. मोटार घसरू लागली की माणूस घाबरून ब्रेक दाबतो, नाहीतर स्टिअरिंग आणखी आवळतो; मग ती गिरकी घेते. नजर पुढच्या रस्त्यावर ठेवून तिला सावरत घसरू दिले, तर ती वळण पार करते.

यंदा पहिल्या चाचणीत चिरंजीवांचे गणिताचे गुण असेच घसरले. सौभाग्यवतींनी मोबाइल कपाटात ठेवण्याचा ठराव मांडला; शेजाऱ्यांनी शिकवणीचा पत्ता दिला. मी दुरुस्ती सुचवली: रोज रात्री अर्धा तास मोटार, मग अर्धा तास गणित, आणि दोन्हींना मी सोबत. ठराव बहुमताने मंजूर झाला.

आठवड्याने, पडद्यावरची नजर न काढता, तो म्हणाला, “बाबा, बीजगणित मला पहिल्या धड्यापासूनच कळले नाही. वर्गात विचारायची लाज वाटली.” समोर बसवून कितीदा विचारले तेव्हा जे निघाले नाही, ते शेजारी बसल्यावर निघाले.

वार्षिक परीक्षा अजून दूर आहे. बीजगणित मला त्याच्याहूनही कमी येते. म्हणून आम्ही दोघेही पहिल्या धड्यापासून बसलो आहोत. शर्यतीत मात्र तो माझ्यापुढे चार वळणे आहे, आणि थांबायला मुळीच तयार नाही.