लेटर्सला लेटर

प्रिय ‘एसीएस मेडिसिनल केमिस्ट्री लेटर्स’,

तुझ्या नावातच पत्र आहे, म्हणून हे पत्र. मी नागपुरात फार्मसीच्या मुलांना औषधी रसायनशास्त्र शिकवतो. २०१० साली तुझा पहिला खंड आला, तेव्हा स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी पुटपुटले, “आणखी एक घाईबाज!” छोटे निबंध झटपट छापायची चाल तशी जुनीच. ‘टेट्राहेड्रॉन लेटर्स’ १९५९पासून तेच करत होतं, आपल्या विषयात ‘बायोऑरगॅनिक अँड मेडिसिनल केमिस्ट्री लेटर्स’ १९९१पासून. तरी मला तुझं येणं बरं वाटलं. आमच्या गुरुजनांनी षट्कोन स्टेन्सिलनं काढले, प्रती टाइप करून एअरमेलनं धाडल्या आणि उत्तराची वाट पाहत अख्खा पावसाळा काढला. तो उशीर कुणाच्याच कामाचा नव्हता. गेला ते बरंच झालं.

दुसरा एक उशीर मात्र कामाचाच भाग असतो. नागपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आण. बाहेर पंचेचाळीस अंश, कूलर नुसती गरम हवा फेकतोय आणि डायक्लोरोमिथेन तर चाळिसालाच उकळतं. संयुग शुद्ध करायच्या कॉलममध्ये बुडबुडे येतात, सिलिकाला भेग जाते, दिवस वाया. अशाच एका दुपारी एम.फार्म.ची विद्यार्थिनी टीएलसीची प्लेट यूव्हीखाली धरून म्हणाली, “सर, दोन स्पॉट दिसून राहिले.” एक ठळक. दुसरा त्याच्या बुडाशी, फिकट, चहाचा डाग पुसल्यावर उरतो तसा. म्हणजे संयुगात अजून काहीतरी मिसळलेलं होतं.

“थंडीत पुन्हा कॉलम लावू,” मी म्हणालो. तिला थंडीपर्यंत थांबायला सवड नव्हती. अर्जाला पेपर जोडायचा होता. पैसे भरले, तीन दिवसांत एका जर्नलचा होकार आला. दुसऱ्या स्पॉटबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही. त्या पेपरवर माझंही नाव आहे.

मुलांना काय बोलणार? २०२२पर्यंत पीएचडीचा प्रबंध देण्याआधी एक तरी निबंध छापून आणणं सक्तीचं होतं. त्या सक्तीवर पैसे घेऊन छापणारी दुकानं उभी राहिली. ती ओळखता यावीत म्हणून पुणे विद्यापीठातून विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ यादी चालवली गेली. २०२५मध्ये आयोगानं तीही गुंडाळली.

आणि घाईला नावाजलेली रेणूमंडळीही बळी पडतात. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिचं लोणचं मला प्रिय आहे. पण तिच्यातलं करक्युमिन चाचणीत जवळपास सगळ्यावरच चालताना दिसतं, कारण ते स्वतः चमकतं, तुटतं, प्रथिनांना चिकटतं आणि चाचणीलाच चकवतं. २०१७मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’नं हे सविस्तर छापलं, तोवर हजारो निबंध निघून गेले होते. हे तुझं थोरलं भावंड संयुग किमान ९५ टक्के शुद्ध असल्याचा पुरावा मागतं. तूही मागत राहा. संपादकीय टेबलावरचे दिवस खुशाल वाचव, पण आमच्या टेबलावरचे नको.

त्या दुपारनंतरच्या जानेवारीत आम्ही त्याच संयुगाचा कॉलम पुन्हा लावला. एकच स्पॉट आला, पांढरीशुभ्र पावडर. चाचणीला पाठवली, तर पेपरात दाखवलेला जंतूंवरचा परिणाम नाहीच. जो काही होता तो त्या फिकट ठिपक्याचा असावा. तो कोण, हे आम्ही अजून शोधतोय.

तुझा,
नागपूरचा एक मास्तर