तीन पाने

बाबांच्या १९८४ सालच्या बुलेटवर आम्ही दोघी बहिणींनी पहिल्यांदा पाना टाकला, त्याला येत्या दिवाळीत तीन वर्षे होतील. दोघीही मराठीच्या प्राध्यापिका, एक सांगलीला, एक पुण्याला. शब्द उलगडून दाखवणे हा आमचा पोटापाण्याचा उद्योग. इंजिन उलगडण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिलेला नव्हता. तो आम्ही रागाच्या भरात घेतला.

रागाचे कारण असे. २०१८ साली बाबा गेले आणि गाडी कऱ्हाडच्या घरी आईपाशी राहिली. विकून टाकावी असे थोरलीचे मत, ठेवावी असे धाकटीचे. त्यावरून भांडण असे झाले नाही; फोनवरचे बोलणे मात्र मोजके होत गेले. मधल्या काळात गाडी एका गॅरेजात दाखवली. तिथल्या कारागिराने सांगितले, "टॅपेट लई वाजत्यात, आवाज बंद करून देतो." त्याने शब्द पाळला. गाडी अशी मुकी झाली की आम्ही खूश होऊन दोन पैसे जास्त दिले. सहा महिन्यांत किक पोकळ लागू लागली. पाय ठेवावा आणि तो आरपार जावा, तशी. दुसरीकडे हेड उतरवले तेव्हा एक्झॉस्टची झडप हाती आली. काठाचा लचका तोडलेल्या भाकरीसारखी दिसत होती. ती आम्ही टाकून दिली नाही. थोरलीच्या टेबलावर, लाल पेनांच्या पेल्यात ती आजही उभी आहे.

बाबा कृषी खात्यात होते. पाटण खोऱ्यातले चढ याच गाडीने चढत. लहानपणी टॅपेटचा टक्‌टक् आवाज ऐकून आम्ही म्हणायचो, बाबा, गाडीत काहीतरी सैल झालंय. ते म्हणायचे, "वाजू दे गं. वाजते आहे, म्हणजे मिटते आहे." हे वाक्य आम्ही पुष्कळ वर्षे बाबांच्या विनोदांच्या यादीत घातले होते. जळकी झडप हातात घेतल्यावर त्याचा अर्थ लागला.

अर्थ तसा सरळ आहे. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला दीड हजार वेळा उघडते आणि तितक्याच वेळा तिला पुरती मिटावे लागते. मिटल्यावर ती आपल्या बैठकीला टेकते आणि अंगातली उष्णता तिथे सोडते. एक्झॉस्टच्या झडपेला तर जळता वायू सतत अंगावर घ्यावा लागतो. टेकण्याचा तेवढा क्षण हीच तिची विश्रांती. तिला उचलणारा दांडा, म्हणजे पुश रॉड, जरा लांब झाला तर ती टेकतच नाही. फटीतून आग वाहते, काठ वितळतो. आवाज मात्र होत नाही, कारण आपटायला मोकळी जागाच उरलेली नसते.

या मोकळ्या जागेला इंग्रजीत एक शब्द आहे, गॅरेजात 'गॅप' म्हणतात, पाठ्यपुस्तके 'अंतर' म्हणतात. आम्हांला 'वाव' हा शब्द सर्वांत नेमका वाटला. परंतु बिडाच्या जुन्या बुलेटचा हिशेब आणखी विलक्षण आहे. इतर गाड्यांत पातळ पत्तीचे गेज घालून मिलिमीटरचे अंश मोजतात. इथे इंजिन थंड असताना अंतर शून्य ठेवायचे. दांडा बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. इंजिन तापले की वाव आपसूक तयार होतो. मोजमापाचे साधन काय, तर अंगठा आणि तर्जनी.

आमचे पहिले पान इथेच चुकले. पिस्टन अगदी वर आणून मगच दांडे तपासायचे, हे आम्हांला ठाऊक होते. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो: एकदा दाबाच्या शेवटी, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना; आणि एकदा धूर बाहेर लोटून झाल्यावर, दोन्ही किंचित उघड्या असताना. जागा तीच, संदर्भ वेगळा. विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे संदर्भासहित स्पष्टीकरण लिहायला लावणाऱ्या आम्ही नेमक्या दुसऱ्या ठिकाणी थांबलो. दांडे फिरेनात, म्हणून ते फिरेपर्यंत आखूड करत गेलो. किक मारल्यावर मळणीयंत्र सुरू झाल्यासारखा खडखडाट झाला आणि आई पोळपाट हातात घेऊनच बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पुरते निवल्यावर, रीतसर केले. गाडी मेन स्टँडवर, प्लग काढलेला, चौथा गिअर, डीकॉम्प्रेसरची केबल ढिली. धाकटीने मागचे चाक हाताने पुढे फिरवायचे, थोरलीने प्लगच्या भोकावर अंगठा धरायचा. अंगठा फुस्सकन उचलला गेला की तोच दाबाचा फेरा. मग भोकात लांब नळी उभी सोडायची आणि ती वर येऊन थबकेपर्यंत चाक अगदी हळू न्यायचे.

उजव्या बाजूला, सिलिंडरच्या पायथ्याशी एका नटाने बसवलेले झाकण आहे. ते काढले की दोन दांडे दिसतात. प्रत्येकाच्या तळाशी एकावर एक तीन षटकोन. तिन्हींना एकेक पातळ पाना लागतो. (पाना आणि पान, दोन्हींचे अनेकवचन 'पाने'. ही गंमत आम्हांला त्या दिवशी प्रथम सुचली.) पाने तीन, आणि त्या अरुंद खिडकीतून एका माणसाचे दोन हात. बाबा हे काम करताना शेजारच्या काकांना का हाक मारत, हे तेव्हा समजले. आम्ही फक्त बॅटरी धरायचो.

थोरलीने वरचा आणि खालचा धरला, धाकटीने मधली चेकनट. "सोड." "धर." "आता आवळ." "थांब, गेलं पुन्हा." चेकनट आवळताना दांडा हटकून किंचित फिरतो आणि साधलेले शून्य हातचे जाते. मग पुन्हा ढिले करायचे, जरासे जास्तीचे सैल ठेवायचे, आवळून पुन्हा बोटांनी फिरवून पाहायचे. इनलेटला चार वेळा, एक्झॉस्टला सात वेळा. दोन वर्षांत आम्ही एकमेकींशी सलग इतके बोललो नव्हतो, आणि त्यात गाडी विकण्याचा विषय एकदाही निघाला नाही.

आज हे कौशल्य बव्हंशी निरुपयोगी आहे, याची आम्हांला कल्पना आहे. रॉयल एनफिल्डने नंतर आणलेल्या काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आले. तेलाच्या दाबाने ते आपली जागा आपणच राखतात. बिडाचे इंजिन त्यानंतर लवकरच थांबले.

झाकण लावले, किक मारली. गाडी तापेपर्यंत आम्ही पायरीवर बसून राहिलो. पाचेक मिनिटांनी तो टक्‌टक् आवाज आला, बारीक आणि एकसारखा. आईने आतून विचारले, "अजून वाजतंयच का गं ते?"

"वाजू दे," धाकटी म्हणाली.

झाकणाच्या खालच्या कडेने तेलाचा एक थेंब उतरला. गॅस्केट जुनेच घातले होते. थोरलीने रद्दीतला एक पुठ्ठा आणून गाडीखाली सरकवला.