हारीत

ज्या पक्ष्याची आपणांस ओळख नाहीं, त्याला ‘पक्षिविशेष’ म्हणून पुढें जाण्याची युक्ति संस्कृत शिकविणारांस चांगलीच साधलेली असते. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत मलयपर्वताच्या पायथ्याशीं, मिऱ्यांच्या वनांत, हारीत पक्षी उडतात. तो श्लोक आम्हीं वर्षानुवर्षें शिकविला आणि दर वेळीं ‘हारीत म्हणजे एक पक्षी’ एवढें सांगून रघूच्या सैन्याबरोबर पुढें चालते झालों.

गेल्या चैत्रांत नातवास घेऊन आम्ही सकाळीं गांवाबाहेरच्या वडाखालीं उभे होतों. त्यानें सहज टाळी वाजविली आणि ओरडला, “आजोबा, झाडाचीं पानें उडालीं!” पंधरावीस पक्षी पंख फडफडवीत निघून गेले होते. घटकाभरानें ते परतले व शेंड्यावर ऊन खात बसले, तेव्हां कोठें नीट दिसले.

हा आपला हरियल, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. आकार पारव्याएवढा, डोकें राखी, मान व छाती पिवळसर हिरवी, खांद्याशीं जांभळट डाग, पंखावर पिवळी रेघ. परंतु खरी खूण पायांची. पारव्याचे पाय तांबूस असतात. सह्याद्रींतील हिरव्या कबुतरांच्या इतर जातींचेही तांबडेच. हरियलाचे मात्र हळदीसारखे पिवळे. हा घुमत नाहीं, मंजुळ शीळ घालतो. वड, पिंपळ, उंबर यांचीं फळें हें याचें मुख्य अन्न. हा जमिनीस पाय लावीत नाहीं असें लोक म्हणतात. पण पाणी पिण्यास तोही खालीं उतरतो.

घरीं येऊन कोश उघडला. हारीत म्हणजे एक जातीचें कबुतर, असें तेथें स्पष्ट होतें. नांवांतच ‘हरित’ दडलेला. तरी आम्हांस तो कधीं दिसला नाहीं!

नातवानें विचारलें, “आजोबा, तुम्ही शाळेंतल्या मुलांनाही हा दाखवीत होतां ना?” आमच्या वर्गाच्या खिडकीसमोर एक जुना वड होता. चैत्रांत तो फळांनीं लाल होई आणि वर कसलीशी शीळ चाले. तिच्यामुळें मुलांचें लक्ष विचलित होतें, म्हणून आम्ही खिडकी लावून घेत असूं. नातवास ‘होय’ म्हणण्यास जीभ धजली नाहीं.

वाचकांनीं आपल्या मुलांस एकदां सकाळीं फळांवर आलेल्या वडाखालीं न्यावें. शब्द मागाहून सांगितला तरी चालेल.