कलम ४२ आणि २४ बिऱ्हाडं

अमेरिकेत गरिबांसाठी घरं सरकार बांधतं, असा आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात आता त्यातला मोठा पैसा बँकांकडून येतो, आणि तोही स्वतःचा कर वाचवण्यासाठी. रेगन यांच्या काळातल्या १९८६ च्या करसुधारणा कायद्यात कलम ४२ आलं. त्यातून आजवर तीस लाखांवर घरं उभी राहिली आहेत. आयोवातल्या लहान गावांत अशा इमारतींच्या पैशांची जुळवाजुळव करणं, हे माझं काम.

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. २४ बिऱ्हाडांची इमारत, खर्च ६० लाख डॉलर. त्यातले ५० लाख कायद्याला मान्य. त्याच्या ९ टक्के, म्हणजे साडेचार लाख, दरवर्षी करातून थेट वजा, अशी १० वर्षं. झालं ४५ लाखांचं क्रेडिट. बिल्डरला एवढा कर भरायचाच नसतो. म्हणून तो बँकेला भागीदार करून घेतो आणि बँक आज रोख मोजते. डॉलरला ८५ सेंट भाव मिळाला तर सव्वाअडतीस लाख हातात येतात. बाकीचं कर्जावर आणि इकडून तिकडून. पहिल्या १५ वर्षांत नियम मोडला तर क्रेडिटचा काही भाग परत करावा लागतो; त्यामुळे सरकारी तपासनिसापेक्षा बँकेचा माणूसच जास्त खडूस असतो.

आपल्याकडच्या आयकर कायद्यातल्या ८०-आयबीए कलमाने बिल्डरला नफ्यावर सूट दिली, ती चटईक्षेत्र आणि किंमत पाहून. घर विकलं की विषय बहुतेक संपला. इथे किमान ३० वर्षं विचारत राहतात : राहतंय कोण, आणि भाडं किती?

भाड्याची मर्यादा भाडेकरूच्या पगारावर नव्हे, काउंटीच्या मध्यम उत्पन्नावर ठरते, आणि लहान गावाची कोंडी इथेच होते. नर्सिंग होममधली एखादी सहायिका घ्या. पदरी दोन मुलं. तासाला १६ डॉलर, आठवड्याला ४० तास. पगारचिठ्ठ्यांवरून आम्ही वर्षाचे ३३,२८० काढतो. तिघांच्या कुटुंबाची उत्पन्नमर्यादा ४२,००० असेल तर ती बसते. दोन बेडरूमच्या घराचं कमाल भाडं त्याच ४२,००० च्या ३० टक्क्यांवरून निघतं : महिना १,०५०, त्यातून विजेचे आणि गॅसचे दीडशे वजा केले की ९००. तिला परवडतं. पण शेजारीण वर्षाला १८,०००च कमावत असेल तरी तिलाही तेच ९००. सरकारी भाडे-व्हाउचर किंवा कृषी खात्याची भाडेमदत नसेल तर तिने इथे येऊच नये, असं मला वाटतं. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

गावातलं उत्पन्न कमी म्हणून भाडं कमी, पण लिफ्ट, छप्पर आणि प्लंबर शहराच्याच भावाने. करमुक्त रोख्यांबरोबर मिळणारं ४ टक्क्यांचं क्रेडिट त्या मानाने सहज मिळतं, पण वकिलांची फी २४ घरांना आणि २४० घरांना जवळपास सारखीच. म्हणून गावं ९ टक्क्यांच्या रांगेत उभी राहतात. तिथे राज्याची संस्था, आमच्याकडे आयोवा फायनान्स अथॉरिटी, गुण देऊन निवड करते. त्यातही १९७७ च्या कायद्यामुळे मोठ्या बँकांना जिथे आपल्या शाखा आहेत तिथे गुंतवणूक दाखवायची असते. जिथे त्यांची शाखाच नाही, तिथलं क्रेडिट त्या कशाला चढ्या भावाने घेतील?

२०२५ च्या कायद्याने राज्यांच्या वाट्याचं ९ टक्क्यांचं क्रेडिट २०२६ पासून १२ टक्क्यांनी वाढवलं. त्याचा गावांना थोडा फायदा होईल. रोख्यांची अटही सैल केली, पण ती सवलत मुख्यतः मोठ्या शहरांच्या पथ्यावर पडणार.

बँकेची शाखा नसलेल्या गावाच्या वाटाघाटींत बँक ८० सेंटांवर अडते आणि गाव जमीन फुकट द्यायला तयार असतं. ८० आणि ८५ मधला फरक वरच्या हिशेबात सव्वादोन लाख डॉलर. बिल्डर म्हणतो, माझी फी काही वर्षांनी घेईन. तरी लाखभर कमी पडतात, मग नगरपालिका मालमत्ता कर किती वर्षं सोडते, यावर घासाघीस सुरू होते.